खुशालरावांनी धुतलेले पाय

पाय धुवावेत तर खुशालरावांनी, असं निंबोळीची ख्रिस्ती मंडळी पूर्वी कौतुकानं म्हणायची. यंदा तेच वाक्य दबक्या आवाजात निघू लागलं, आणि बोलून झालं की माणसं नकळत आपले पाय खाटेवर ओढून घेऊ लागली.

निंबोळी मूर्तिजापूरच्या अलीकडे, अमरावती-अकोला रस्ता सोडून आत. एप्रिलात तिथं असं ऊन पडतं की कावळे एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उडत जात नाहीत; चालत जातात, तेही भिंतीच्या कडेकडेनं. गावाच्या टोकाला ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीच्या मधोमध टिनाच्या छपराचं देऊळ. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी या देवळात बारा खुर्च्या मांडायच्या. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून बारा जणांनी तिथं बसायचं, आणि मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे पंचांपैकी, एकानं कमरेला टॉवेल बांधून त्यांचे पाय धुवायचे. दरवर्षी वडील बदलायचा असा रिवाज. पण मिशनच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून रिटायर झालेल्या खुशालरावांनी एकदा जो टॉवेल बांधला, तो पुन्हा कोणाला सोडवता आला नाही.

धुवायचेही देखणे. चिंचेनं घासलेलं पितळी घंगाळ, कोमट पाणी, त्यात चिमूटभर जंतू मारायचं लाल औषध. टाच तळहातावर अशी अलगद घ्यायचे की जणू कबुतराचं पिल्लू आहे. मान इतकी खाली की पाठीमागच्या बाकांवरून फक्त पांढरे केस दिसावेत. त्यांच्या सदऱ्याला छोटा माइक लावलेला असायचा, कारण त्याचा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर जायचा, तिथून अकोल्याला, तिथून अमरावतीला. नम्रतेत आपला हात धरणारा या दोन्ही जिल्ह्यांत कोणी नाही, असं खुशालराव स्वतः कधीही म्हणाले नाहीत. दुसऱ्यानं म्हणेपर्यंत ते थांबत.

आता धडधाकट माणसाचे पाय धुण्यात काय उठून दिसणार? म्हणून खुशालराव माणसं वेचून आणत. ज्याचे पाय थरथरतात तो, जिच्या टाचांत करंगळी जाईल एवढ्या भेगा आहेत ती, ज्याला खुर्चीसकट उचलून आणावं लागतं तो. जितकी काया मोडकळीला आलेली, तितकी नम्रता झळकायची. अशी बारा माणसं निवडल्यावर पुढच्या ईस्टरपर्यंत त्यातली दोन-तीन जाणारच. त्यात कोणी काही वावगं पाहिलं नाही.

पण गेल्या वर्षी गोष्ट हाताबाहेर गेली. सगळ्यात आधी श्रावण गेला. त्याला ताप होता, तो नाही-नाही म्हणत असताना खुशालरावांनी दोन माणसं लावून त्याला खुर्चीसकट आणवलं होतं. ईस्टरचा सण आटोपला आणि तो आटोपला. मग शेवंताबाई गेली, मग पांडुरंग मिस्त्री. तरीही म्हातारी माणसं म्हणून लोक गप्प होते. पण पाय धुण्याच्या दिवशी बारावा माणूस आला नाही म्हणून ऐनवेळी खुर्चीत बसवलेला तरणाबांड गुलाब, जो मोटारसायकल उचलून शेताच्या धुऱ्यापलीकडे ठेवायचा, तोही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या सावलीत आडवा झाला तो उठलाच नाही. नाताळपर्यंत बारातली तीन माणसं उरली. देवळामागच्या ज्या लिंबाच्या झाडाला ते पाय धुतलेलं पाणी घातलं होतं, ते लिंबूही वाळून काटकी झालं. त्यावर बसलेली चिमणी टपकन खाली पडली म्हणतात. पाहिली कोणीच नाही, पण सांगताना प्रत्येक जण ओंजळ करून दाखवायचा.

हे सगळं हिशेबात बसवलं नत्थुजीनं. नत्थुजीही मंडळीचा वडील, खुशालरावांच्याच वयाचा, आणि इतकी वर्षं टॉवेलाची वाट पाहून कोरडा राहिलेला. चहाच्या टपरीवर तंबाखू मळत तो म्हणायचा, “मी काई म्हनत नाई बाप्पा. मी फक्त मोजून राहिलो.”

अशात फेब्रुवारीत निरोप आला की बिशपसाहेबांनी व्हिडिओ पाहिला आहे, आणि यंदा पवित्र गुरुवारी ते स्वतः अमरावतीहून निंबोळीला येणार आहेत.

खुशालरावांना आधी गगन ठेंगणं झालं. मग पवित्र गुरुवारच्या चार दिवस आधी, झावळ्यांच्या रविवारी, उपासना संपल्यावर त्यांनी बारा माणसं ठरवायला वस्तीकडे नजर टाकली, तर त्यांची नजर जिथं जाई तिथून माणूस उठून जाई. तेव्हा त्यांना पहिल्यांदा उमगलं. बिशपसाहेबांसमोर बारा रिकाम्या खुर्च्या म्हणजे सगळ्या वस्तीनं एका आवाजात दिलेली साक्ष: या माणसाच्या हातात मरण आहे.

ते घरोघर निघाले. म्हाताऱ्या सासूसाठी ललिताच्या दारात उभे राहिले.

“सलाम ललिता. सासूबाई आहेत ना?”

“झोपल्या जी,” ललिता पदर सावरत म्हणाली.

आतून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, “मेली म्हनून सांग त्याले! म्हनाव, आता धुऊन काय करतं!”

गेल्या वर्षीच्या बारांतून उरलेल्या तिघांतला किसन पिशवी भरूनच बसला होता. लेकीकडे धामणगावला निघाला होता.

“सणाच्या तोंडावर?” खुशालरावांनी विचारलं.

“सन आहे म्हनूनच,” किसन म्हणाला, आणि चप्पल दाराच्या आत घालून मगच बाहेर आला. “माफ करजो भाऊ. मागच्या साली तुमी धुतले तवापासून मले रोज रात्री पाय थंडे लागते.”

तरुण पाळकसाहेब नुकतेच नागपूरहून शिकून आलेले. ते हसले. म्हणाले, “काका, ही अंधश्रद्धा आहे. मी उपदेशात बोलतो त्यावर.”

“उपदेश राहू द्या साहेब. तुम्ही पहिल्या खुर्चीवर बसा, म्हणजे लोक मागून बसतील.”

पाळकसाहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे मात्र तिथून निघून गेले. “मी बसलो असतो,” ते म्हणाले, “पण त्या वेळी मला वचन वाचायचं असतं ना.”

बुधवारी दुपारी खुशालराव माणिकबाईच्या दारात पोचले. माणिकबाई म्हणजे श्रावणची बायको. मातीच्या दिवशी श्रावणच्या कबरेवर सगळ्यांत मोठा हार खुशालरावांचा होता. त्यानंतर या दारात ते आले नव्हते. ती अंगणात तूर पाखडत बसली होती. तिनं वर पाहिलं, पण या म्हणाली नाही.

“कावून आले?”

खुशालरावांनी सांगितलं. सांगताना आपला आवाज चिरका लागतोय हे त्यांना कळत होतं. सूप थांबलं नाही. तुरीचा कोंडा उडून त्यांच्या पांढऱ्या धोतरावर बसत राहिला.

“येतो मी,” ती म्हणाली.

“खरंच?”

“येतो म्हनलं ना. घंगाळ आनजा तेच. अन् पानी गरम नका करू.”

एक तरी माणूस मिळालं म्हणून ते घाईघाईनं निघाले. पण वस्तीच्या बोरिंगपाशी येईतो त्यांची पावलं मंदावली. जिचा नवरा त्या खुर्चीवरून उठून गेला, ती एका शब्दात हो का म्हणाली?

घरी त्यांच्या बायकोनं, गोदाबाईनं, सगळं ऐकून घेतलं. “साऱ्या गावानं नाई म्हनलं, तवा तुमी रडून राहिले होते,” ती म्हणाली. “आता एक जन हो म्हनते. आता भ्या.”

“तुझाही विश्वास आहे का या बाष्कळपणावर?”

“माह्या नाई. मी तुमाले लिंबाच्या झाडाले लाल औषध टाकू नका म्हनलं होतं. पन तुमचा आहे.”

“माझा?”

“मग मंगळवारी आंघोळीले बसले तवा सोताचे पाय कावून नाई धुतले?”

खुशालरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं, आणि हात सदऱ्याच्या खिशात घातले.

गुरुवारी संध्याकाळी देऊळ गच्च भरलं. बिशपसाहेब वेदीपाशी बसले, पंखा त्यांच्याकडे वळवला होता. बारा खुर्च्या ओळीनं, घंगाळ मध्ये, पाण्यावर टिनाच्या फटीतून आलेला उन्हाचा एक लाल पट्टा. बाकांवर पाहावं तर चमत्कार! पारा अजून चाळिशीखाली उतरला नव्हता आणि अख्खी मंडळी मोजे घालून आली होती. लहान पोरींच्या पायांत लोकरीचे मोजे. ज्यांना मोजे मिळाले नाहीत त्यांनी पाय धोतरात गुंडाळले होते. नत्थुजी तर फवारणीचे गमबूट घालून पहिल्या बाकावर बसला होता, आणि घामानं त्याच्या गमबुटातून बेडकासारखा आवाज येत होता.

पाळकसाहेबांनी वचन वाचलं. खुशालरावांनी टॉवेल बांधला. कोणी तरी सदऱ्याला माइक लावला.

“या,” खुशालराव म्हणाले. तो शब्द कर्ण्यातून दुप्पट मोठा होऊन छपरावर आपटला.

कोणी हललं नाही. एक बाळ रडायला लागलं तर आईनं त्याचे पाय पदरात घेतले.

“या, बसा,” ते पुन्हा म्हणाले. बिशपसाहेब कौतुकानं वाट पाहत होते. त्यांना वाटलं असावं ही इथली रीतच आहे, तीनदा बोलवायची. तिसऱ्यांदा खुशालरावांनी नुसताच खुर्च्यांकडे हात केला. मग मागच्या दारातून माणिकबाई आली. अनवाणी. काळ्या मातीत दिवसभर राबलेले पाय तसेच घेऊन ती बाकांमधून चालत आली, तशी दोन्हीकडची माणसं आकसत गेली. ती खुर्च्यांपाशी थांबली.

“बस माणिकबाई,” खुशालराव पुटपुटले. त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब घंगाळात पडला.

“मी बसाले नाई आली. तुमी बसा.”

“मी? मी कसा... मी सेवक आहे.”

“माह्या मानसालेही तुमी बसच म्हनलं होतं,” ती म्हणाली. आवाज चढा नव्हता, पण माइक खुशालरावांच्या छातीवर होता आणि ती छातीपाशी उभी होती. शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला. “थो नाई म्हनत होता.”

खुशालरावांनी खुर्चीकडे पाहिलं. लाकडाची साधी खुर्ची. तिच्यावर बसून उठलेली किती माणसं आता कबरस्तानात आहेत, हे नत्थुजीपेक्षा त्यांनाच नीट ठाऊक होतं. त्यांनी कधी तोंडानं मोजलं नव्हतं एवढंच. बसलो तर यंदाची मोजणी आपल्यापासून सुरू होणार. न बसलो तर वस्ती म्हणते ते आपण आपल्याच तोंडानं कबूल केलं. त्यांनी देवाचं नाव घेतलं, पण देवाकडे नीट पाहवेना. अखेर खुशालराव बसले ते नम्रतेनं नव्हे. बसले, कारण बिशपसाहेब पाहत होते.

त्यांच्या कमरेचा टॉवेल माणिकबाईनं ओढून घेतला. मग बूट काढा म्हणाली.

साऱ्या तालुक्याच्या पायांना मलम लावणाऱ्या या कंपाउंडरनं स्वतःचे पाय आजवर कोणाला दाखवले नव्हते. अंगठ्याचं नख काळं पडून वर आलेलं, बोटांच्या बेचक्यांत पांढरी सालपटं, टाचेला जुनं कुरूप. बूट निघाले तसा वास सुटला. पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं नाक धरलं, आणि खुशालरावांना वाटलं की मरण यायचं तर ते आत्ताच, या क्षणी यावं.

पाणी गार होतं. माणिकबाईनं त्यांचा पाय कबुतराच्या पिल्लासारखा धरला नाही. जळकं पातेलं धरावं तसा धरला, आणि राखेचं भांडं घासावं तसा घासला. पाणी काळं होत गेलं. उन्हाचा पट्टा त्यात दिसेनासा झाला. त्यांचे गुडघे लटलटत होते, खुर्ची फरशीवर टकटक वाजत होती आणि माइक ते टकटकणं सगळ्यांना ऐकवत होता. आपल्यासमोर बसलेली माणसं वयानं कापतात असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

कुरुपापाशी माणिकबाईचा हात थांबला. “दुखते काय?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी एकाही पायाला विचारला नव्हता.

“हो,” ते म्हणाले.

“माह्या मानसाचेही दुखत होते. तुमी पाहाले नाई आले.”

“नाही आलो.”

“मेला तरी नाई.”

“हार आणला होता मी.”

“त्याले काय हार घालून हिंडाचं होतं?” तिनं पाय कोरडा केला, खाली ठेवला आणि दुसरा उचलला.

ते झाल्यावर बायकांच्या बाजूनं गोदाबाई उठली. कमरेवर हात ठेवत, कुरकुरत ती दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसली आणि चपला झटकल्या. “धू व माणिक माहेही,” ती म्हणाली. “यायले एकटं कुठी पाठवू? वाटेत चष्मा इसरतीन.”

बाकीच्या दहा खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. बिशपसाहेबांनी आशीर्वाद दिला खरा, पण देताना त्यांनी आपले बूट झग्याच्या आत ओढून घेतल्याचं समोरच्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून खुशालराव आपले दिवस मोजू लागले. त्यांना रात्रंदिवस एकच वाटे, की धुतलेली माणसं जगली तर आपण जगू. म्हणून ते धामणगावला जाऊन किसनला घेऊन आले. त्याच्या पायांना रोज तेल चोळायचे, गरम पाण्याची पिशवी ठेवायचे. उरलेल्या दोन म्हाताऱ्यांची नखं कापायची, औषधं आणायची, एकीची न्हाणी घासायची. हे प्रेम होतं असं कोणी समजू नये. बुडणारा माणूस ओंडका जपतो तसं ते त्यांना जपत होते. तिघांमधली एक म्हातारी ऐन आषाढात गेली, तेव्हा तिच्यासाठी ते रडले की स्वतःसाठी, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नसतं. पण मग तिच्या शेजारचा एक लकव्याचा माणूस दिसला, ज्याचे पाय त्यांनी कधी धुतलेच नव्हते, ज्याला जगवून त्यांचा काडीचा फायदा नव्हता. खुशालराव त्याच्याकडेही जाऊ लागले. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

वस्तीनं मात्र आपला अर्थ काढला. खुशालराव ज्या घरी जातात तिथं काही तरी होणार. ते बोळात शिरले की पुढची दारं कड्या लावून घेत, आया पोरांना आत ओढत. लकव्याच्या माणसाच्या सुनेनं त्यांना सासऱ्यासाठी आणलेलं दूध खिडकीतून द्यायला लावलं, दारातून नको म्हणून. ग्रुपवर त्यांचं नाव निघालं की लोक दुसराच विषय काढत. पूर्वी एक दिवस धुतलेल्या पायांची वर्षभर वाहवा व्हायची. आता वर्षभराच्या राबण्याला लोक लांबूनच हात जोडत, तेही डोळे मिटून.

दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या चपलेचा पट्टा लागेना. खुशालराव खाटेवर बसले, नडगीवर अंगठा दाबला. काढला. खड्डा पडला तो तसाच राहिला. ही सूज हृदय थकल्याची, हे कंपाउंडरला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी धोतर खाली ओढलं आणि गोदाबाईला चहा टाक म्हणाले.

दिवाळी उलटली आणि कापूस वेचणीला सगळं गाव वावरात गेलं. भरदुपारी बोळातून येताना त्यांना नत्थुजीच्या घरातून कण्हणं ऐकू आलं. नत्थुजीची बायको कधीच वारली होती, पोरं पुण्या-सुरतेकडे. न्हाणीत घसरून कंबर मोडल्यापासून तो खाटेला होता, आणि कामाची बाई वेचणीची मजुरी सोडून यायला तयार नव्हती. खुशालरावांनी दार ढकललं.

दारातला माणूस ओळखल्याबरोबर नत्थुजीनं अंगावरची गोधडी पायांखाली खोचली. “नाई! पाय नको धू बे! हात जोडतो खुशाल, मी मोजलं ते चुकलं माह्यं, पन पाय नको!”

“पाय नाही धूत,” खुशालराव म्हणाले. खोलीत वास कोंडला होता. “भांडं कुठाय?”

“कायचं भांडं?”

“सकाळपासून पडून आहेस. लघवीचं.”

नत्थुजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. “खाटेखाली आहे. भरलं आहे,” तो म्हणाला, आणि भिंतीकडेच पाहत, “कोनाले सांगशीन नको.”

“कोनाले सांगू? माह्याशी बोलते कोन?”

त्यांनी त्याला कुशीवर घेतलं, चादर बदलली, पाठ पुसली. कंबर हलताना नत्थुजी ओरडला तसे ते थांबले. “दुखते काय?” विचारलं, आणि तो हो म्हणाला तेव्हा दुसरी उशी खाली दिली. मग भांडं उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. श्वास पुरेना. खाटेच्या पायाला धरून ते जमिनीवर बसले. धोतर वर सरकलं होतं.

नत्थुजी मान वळवून पाहत होता. “तुहे पाय सुजले बे.”

“हो.”

“कवापासून?”

“दसऱ्यापासून.”

नत्थुजीची बोटं सवयीनं हलली, जणू काही मोजायला लागली, आणि मुठीत बंद झाली. बाहेर शेजारच्या कोणी तरी खिडकी लावून घेतली. नत्थुजीनं खाटेवरून हात खाली सोडला आणि खुशालरावांच्या खांद्यावर ठेवला. आधार द्यायला ठेवला की घ्यायला, दोघांनाही कळलं नाही. 

“उद्या येशीन?” त्यानं विचारलं.

खुशालरावांनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. भरतो का, हे पाहायला ते थांबले नाहीत. खाटेला धरून उठले, भांडं उचललं.

“येतो,” ते म्हणाले, आणि सांडू नये म्हणून हळूहळू पावलं टाकत मागच्या दाराकडे निघाले.